उत्क्रांतीचा धडा आजच्या माणसापाशी संपवू नका

दहावीच्या नव्या विज्ञान पुस्तकाचं काम करणाऱ्या लेखक, संपादक आणि चित्रकार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एकेका इयत्तेची पुस्तकं बदलू लागली आहेत, उद्या दहावीचं विज्ञानही बदलेल. आनुवंशिकता आणि उत्क्रांती या धड्याचं काय करायचं, तो किती पानांचा ठेवायचा, त्यात कोणती चित्रं घालायची, हे तुमच्यातलं कुणीतरी ठरवणार आहे. त्या माणसाच्या टेबलापर्यंत हे पोचावं म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

२०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तेव्हा देशातल्या १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून तो परत घ्या, अशी मागणी केली. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो धडा टिकला याचं मला मनापासून समाधान आहे. पण नुसता टिकून भागत नाही. जीवाश्म, हाडं, नामशेष झालेले प्राणी आणि सर्वांत शेवटी ताठ उभा राहिलेला माणूस, असा हा धडा आपण शिकवतो आणि तिथे थांबतो. मुलांना वाटतं, झाली उत्क्रांती, आपण आलो, संपलं. ती संपलेली नाही. तुमच्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्या या मुलांपुढे एक दिवस आपल्या पोटच्या लेकरांच्या जनुकांबद्दलचे प्रश्न येऊन उभे राहतील. त्या प्रश्नांची तयारी दहावीतच व्हायला हवी. आमच्या गावातली बरीच मुलं दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक पुन्हा हातात धरत नाहीत. कुणी आयटीआयला जातं, कुणी बोटीवर, कुणी मुंबईला मामाच्या दुकानात. त्यांच्यासाठी तुमचं पुस्तक हेच शेवटचं.

आधी चित्राबद्दल बोलते, कारण मुलांना धडा विसरतो आणि चित्र राहतं. डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग आणखी कमी, आणि उजव्या टोकाला ताठ चालणारा माणूस. १९६५ मध्ये रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने एका लोकप्रिय पुस्तकासाठी तशी रांग काढली आणि ती जगभर पसरली. या रांगेमुळे दर वर्षी, न चुकता, माझ्या वर्गातून एकच प्रश्न यायचा. "बाई, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?" प्रश्न विचारणाऱ्याची चूक नव्हती. चित्रच त्याला तसं सांगत होतं.

त्यावर मी फळ्यावर वंशावळ काढायची. आमच्याकडे घराघरांत वंशावळीचा कागद असतो. वर मूळ पुरुष, खाली त्याच्या मुलांच्या शाखा, कुठली शाखा या वाडीत राहिली, कुठली खाडीपलीकडे गेली, कुठली निर्वंश झाली. मी मुलांना विचारायची, तुझ्या भावकीतलं पलीकडचं घर हे तुझं वडील का? मुलं हसायची. नाही बाई, ते आमचे भाऊबंद. मग सांगायची की चिंपांझी आपले भाऊबंद आहेत. साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा मूळ पुरुष एक होता, पुढे घरं वेगळी झाली. एवढं सांगितलं की तो प्रश्न पुन्हा येत नसे. निर्वंश शब्दही मुलांना नीट कळायचा. साधारण साठ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर आपल्याखेरीज माणसाच्या इतर जातीही होत्या: निअँडरथल होते, डेनिसोव्हन होते, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीची माणसं होती, फिलिपिन्समधल्या लुझॉनवर आणखी एक जात होती. एकाच वेळी निदान पाच घरं नांदत होती. आज आपलं एकच उरलं आहे. रांगेच्या चित्रात ही चार घरं कुठेच मावत नाहीत. कृपा करून रांग काढू नका, वंशावळ काढा.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायची आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी रामपिथिकसला माणसाचा पूर्वज म्हणून शिकवलं. शिवालिकच्या टेकड्यांत १९३२ मध्ये त्याच्या जबड्याचा तुकडा सापडला होता, नावात राम होता, मुलांना तो आपला वाटायचा. प्रत्यक्षात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की तो आपला नाही, ओरांगउटानच्या कुळातला आहे. आमच्यापर्यंत ते पोचायला फार वर्षं लागली. ज्या वर्षी मला कळलं त्या वर्षी मी वर्गात उभी राहून सांगितलं की मी आधीच्या मुलांना चुकीचं शिकवलं. त्या दिवशी विज्ञान म्हणजे काय हे त्या वर्गाला जितकं कळलं, तितकं व्याख्या पाठ करून कधी कळलं नसेल. नव्या पुस्तकात रामपिथिकसची ही हकिगत द्या. आपलं आधीचं मत का सोडलं, हे शास्त्रज्ञ कसं सांगतात, ते मुलांनी वाचू द्या.

मग त्याच्या जागी काय? भारतातही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात हथनोरा इथे, नर्मदेच्या काठावर, अरुण सोनकिया या भूवैज्ञानिकाला प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. तमिळनाडूतल्या अत्तिरमपाक्कमला शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा लाख वर्षं जुनी दगडी हातकुऱ्हाड उजेडात आणली. आपल्या जातीचा माणूस आफ्रिकेत साधारण तीन लाख वर्षांपूर्वी आला. म्हणजे ती हातकुऱ्हाड घडवणारे हात आपल्या जातीचे नव्हते, तरी दगड कुठे ठोकायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ल्यूसी, म्हणजे माणसाच्या एका प्राचीन पूर्वज-जातीतल्या मादीचा सांगाडा, इथिओपियात १९७४ साली सापडली, तिचं वय बत्तीस लाख वर्षं, हे मुलांनी वाचलंच पाहिजे. पण आपल्या पायाखाली काय आहे तेही वाचावं.

पायाखालचं म्हणजे आमचं कोकण. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज हर्णैच्या बंदरातून पाण्यात उभा दिसणारा सुवर्णदुर्ग तेव्हा बेटावर नसता, सुक्या जमिनीतल्या टेकाडावर असता, आणि किनारा तिथून कित्येक कोस पश्चिमेला होता. त्या काळात इथे समुद्रकाठी राहणाऱ्यांचे तळ आज पाण्याखाली आहेत. आमचे मच्छीमार रोज त्यांच्यावरून जाळी ओढतात. मी हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता व्हायची, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारायचं, "बाई, मग परशुराम?" आमच्याकडे प्रत्येक मूल ही कथा ऐकूनच मोठं होतं, की परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि ही भूमी झाली. मी ती कथा कधी मोडली नाही. समुद्र पुढेमागे होतो ही गोष्ट इथल्या माणसांच्या मनात किती खोल रुजली आहे ते बघा, असं म्हणायची, आणि मग तो पुढेमागे कसा होतो हे हिमयुगाच्या आकृतीवर दाखवायची. कुणाच्या घरून तक्रार आली नाही.

दशावताराबद्दल मात्र तुम्हाला सावध करायचं आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजेच उत्क्रांती, असं सभांमधून वारंवार सांगितलं जातं. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्र रात्र रंगणाऱ्या दशावतारावर माझं प्रेम आहे, लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून तो पाहिला आहे. पण ती चौकट पुस्तकात आणू नका. तीही एक रांगच आहे, खालून वर जाणारी, आणि प्रत्येक पायरीला देवाची योजना आहे. नैसर्गिक निवडीला योजना नसते. हा फरक पुसला गेला तर धडा ठेवून उपयोग काय?

त्यापेक्षा मुलांना सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या कातळाच्या पठारावर, न्या. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. ती आमच्यापासून फार लांब नाही. पण मुलांच्या मनात घर केलं ते कातळशिल्पांनी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्या कातळात खोदलेल्या अशा हजाराहून अधिक आकृती गेल्या काही वर्षांत नोंदल्या गेल्या. त्यामागे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांची पायपीट आहे. उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कशेळी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. मी दहावीच्या दोन तुकड्या एसटीने कशेळीला नेल्या होत्या. तिथला हत्ती साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. उभं राहून तो दिसतच नाही. मुलं त्याच्या पाठीच्या रेषेवरून एकामागोमाग चालत गेली, सोंडेपाशी पोचली, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण हत्ती चाललो.

एका मुलाने विचारलं, "ज्याने हे काढलं त्याला तरी हे सगळं एकदम कधी दिसलं असेल का?" मी उत्तर दिलं नाही. त्यालाच विचार करायला सांगितलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्याच्या डोक्यात दिसलं असणार." त्याला माणूस म्हणजे काय ते कळलं होतं, असं मला वाटतं. डोळ्यांना एका दमात न दिसणारी गोष्ट मनात पूर्ण धरायची, ती चार जणांना समजावायची आणि सगळ्यांनी मिळून कातळ खोदायचा, हे कुठल्याही एका हाडात सापडत नाही. कोकणच्या या कातळांवर गेंडाही आहे. आज इथे गेंडा नाही. कोरणाऱ्यांनी तो कुठेतरी पाहिला असणार, आणि तो पाहिला तेव्हा हवा, गवत, पाणी वेगळं असणार. एका सहलीत हवामान, कला, समाज आणि काळ, सगळंच शिकवता आलं. ज्या शाळांना सहल परवडत नाही त्यांच्यासाठी पुस्तकात वरून काढलेला मोठा फोटो आणि शेजारी माप म्हणून एक माणूस असावा.

शरीराचा भाग थोडक्यात. परीक्षेत "अवशेषांगे म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या" असा प्रश्न येतो. मुलं आंत्रपुच्छ आणि माकडहाड लिहितात आणि गुण मिळवतात. माकडहाड लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या शब्दाचा कधी विचार केला आहे? आपल्या आजीने घसरून पडल्यावर "माकडहाडावर आपटले गं" म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शेपटीचा उरलेला मणका आपल्या भाषेने आधीच ओळखला होता! अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट वाकवा, काहींच्या मनगटावर स्नायूची एक दोरी ताठ उभी राहते, काहींच्या राहत नाही. झाडावर लोंबकळण्याच्या दिवसांतला तो स्नायू काही जणांत उरलाच नाही, आणि कुणात तो आहे, कुणात नाही, ही वर्गातली पाहणी दोन मिनिटांत होते. भातलावणीच्या दिवसांत बायकांच्या कंबरा जातात, बाळंतपणात जीव टांगणीला लागतो. दोन पायांवर उभं राहण्यासाठी कंबर घडली, आणि पुढे त्याच कंबरेतून मोठ्या डोक्याचं मूल बाहेर यायला लागलं. आमच्या मुली हे ऐकताना वेगळ्याच लक्षाने ऐकतात, कारण त्यांनी घरात आई पाहिलेली असते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, तिकडे वळते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. सरकारी योजनेतून मुंबईला तिच्यावर कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. कानाच्या आत शंखासारखा वळलेला जो भाग असतो त्यात एक बारीक तार सरकवतात. बाहेर कानामागे यंत्र असतं, ते आवाजाचे विद्युत संकेत करून आत पाठवतं, आणि बिघडलेल्या पेशींना वळसा घालून ते थेट चेतातंतूपर्यंत पोचतात. वर्गातली सगळी मुलं त्याला मशीन म्हणायची, ती स्वतःही. किनाऱ्यावरच्या पोरांना शंख काय असतो ते सांगावं लागत नाही. तिच्या कानाची आकृती मी फळ्यावर काढली तेव्हा सगळ्या वर्गाला तिचा अभिमान वाटला होता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक वाड्यांत कित्येक आठवडे वीज नव्हती. वादळानंतर मी तिच्या घरी गेले. वारा घोंघावायला लागला तेव्हा मशीन चालू होतं, त्यामुळे तिने वादळ ऐकलं. रात्रीत चार्जिंग संपलं. पुढचे अकरा दिवस ती शांततेत होती. तिचे वडील तिच्या बॅटऱ्या खिशात घालून, पडलेली झाडं ओलांडत, जिथे जनरेटर चालू आहे असं कळेल तिथे जात होते. घरावरचं छप्पर गेलं होतं, आई हाका मारत होती, आणि मुलगी फक्त तिच्या ओठांकडे बघत होती.

यंत्राने बदललेला माणूस म्हटलं की आपल्यासमोर शहरातली, परदेशातली चित्रं येतात. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं आणि त्याने नुसत्या विचाराने संगणकाचा कर्सर हलवला, ही बातमी आमच्या मुलांनी मोबाइलवर पाहिली आणि त्यांना ती भविष्यातली गोष्ट वाटली. तो बदललेला माणूस त्यांच्या बाकावर केव्हाचाच बसला होता. वीज जाते तेव्हा त्याचं काय होतं, सुटा भाग महाग असतो आणि जुनं मॉडेल बंद होतं तेव्हा त्याचं काय होतं, पावसाळ्याच्या खाऱ्या दमटपणात त्याचं काय होतं, हे त्या घराला ठाऊक आहे. भविष्याचा धडा लिहिताना तुम्ही अशा घरातून सुरुवात करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ती दहावीत आली. मी लामार्कचा जिराफ शिकवत होते, म्हणजे ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली आणि ती पिलांतही उतरली, हे जुनं मत. मिळवलेले गुणधर्म पुढच्या पिढीत उतरत नाहीत, लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः भरदार नसतात, असं सांगून झालं. तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, म्हणजे माझं मशीन माझ्या मुलांना येणार नाही. पण माझा कान येईल?"

एकतीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. धड्याचं सगळं सार त्यात आहे आणि धड्याबाहेरचं सगळं भविष्यही. मी तिला खरं ते सांगितलं. काही प्रकारचा बहिरेपणा जनुकांतून येतो, काही येत नाही, तुझा कोणता हे तपासल्याखेरीज सांगता येत नाही. त्या दिवशी मला सांगता न आलेली एक गोष्ट आज सांगता येते. जानेवारी २०२४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ओटोफर्लिन नावाच्या जनुकातल्या दोषामुळे बहिरी जन्मलेल्या सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची चांगली प्रत पोचवण्यात आली, आणि सहांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागलं. तो बदल त्या मुलांच्या कानापुरता आहे. त्यांच्या मुलांत तो जाणार नाही. पण गर्भ अगदी पेशीच्या अवस्थेत असतानाच जनुक बदललं, तर ते त्या बाळात, त्याच्या मुलांत, नातवंडांत, सगळ्या वंशावळीत उतरतं.

हा फरक, शरीरातल्या बदलाचा आणि वंशातल्या बदलाचा, तुमच्या पुस्तकात ठळक अक्षरांत हवा. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं तंत्र जगापुढे ठेवलं, २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०१८ मध्ये ‘हे च्यानक्वे’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने दोन जुळ्या मुलींच्या गर्भातच जनुकं बदलल्याचं जाहीर केलं. एचआयव्ही होऊ नये हा हेतू सांगितला. जगभर संताप उसळला, त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वंशात उतरणाऱ्या अशा बदलांना मनाई केली आहे. मनाई का केली, हे मुलांना विचारलं पाहिजे. नुसतं पाठ करायला लावू नका.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बागेत आहे. हापूसच्या बागेतलं प्रत्येक झाड हे कलम आहे, म्हणजे एकाच झाडाची प्रत. रायवळ आंबा कोयीपासून येतो आणि एकाचा दुसऱ्यासारखा नसतो, एक गोड, एक आंबट, एक नुसता दोऱ्यांचा. बाजार हापूसला आहे. पण फळात साका धरण्याची, म्हणजे आतला गर पांढरट आणि भुसभुशीत होण्याची, खोड एका झाडात असली की सगळ्या बागेत असते. ती मोडण्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राला दुसरी जात शोधावी लागली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना आला, त्यात साका नाही. विविधता होती म्हणून संकर झाला. आणि हापूसचं कलम बांधायला खाली रोप लागतं ते रायवळाचंच. माझ्या एका विद्यार्थ्याने, ज्याच्या वडिलांची बरीच कलमं आहेत, हे ऐकून वहीत लिहिलं होतं, "सगळ्यांची मुलं हापूस झाली तर रोग आल्यावर रत्ना कुठून आणणार?"

माणसाच्या बाबतीत हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. आपल्या कोकणाच्याच उत्तरेला, पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललं की तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून ते आलं तर मूल आयुष्यभर वेदना सोसतं. एकाकडूनच आलं तर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. निवडीचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. क्रिस्परवर आधारित पहिला उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये मंजूर झाला तो याच रोगासाठी. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून, बदलून, परत घालतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. जव्हारच्या पाड्यावरच्या मुलाला तो कधी मिळेल, हा प्रश्न विज्ञानाच्या पुस्तकात बसतो. निदान मी तरी तो बसवला असता.

स्वान्ते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते निअँडरथलांचा डीएनए वाचल्याबद्दल. आफ्रिकेबाहेरच्या लोकांमध्ये त्याचा एक-दोन टक्के अंश आजही आहे. २०२० मध्ये कळलं की त्यातल्या एका तुकड्यामुळे कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, आणि दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो तुकडा आहे. पुढे हेही कळलं की त्याच तुकड्यामुळे एचआयव्हीच्या लागणीचा धोका कमी होतो. निर्वंश झालेल्या त्या भाऊबंदांचा वारसा आमच्या वाडीत चालत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. असा तुकडा चांगला म्हणायचा की वाईट? कापायचा की ठेवायचा? पंधरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न झेपतो, हे मी अनुभवाने सांगते.

आणि निवड करण्याचं तंत्र हातात आलं की समाज काय करतो, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. गर्भाचं लिंग कळू लागलं, आणि मुली गर्भातच मारल्या गेल्या. १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, १९९४ मध्ये देशाने कायदा केला. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या. उद्या रंग, उंची, डोळे निवडता आले तर हाच समाज निवडणार आहे. गोरी सून शोधणारी माणसं गोरं जनुक शोधतील. मी हे रागाने लिहीत नाही, काळजीने लिहिते आहे.

इथे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची आठवण मुलांना करून द्यावी असं वाटतं. आमच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. कवट्यांच्या मापांवरून गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व दाखवता येईल अशी त्या गुरूंची धारणा होती. विशी ओलांडलेल्या या मराठी मुलीने कवट्या मोजल्या आणि मोजमापांतून तसं काही निघत नाही असं लिहून दिलं. त्याच विचारांची माणसं पुढे जर्मनीत सत्तेवर आली आणि त्यांनी काय केलं ते जगाला ठाऊक आहे. विज्ञानाच्या पुस्तकात वंशश्रेष्ठत्वाचं खंडन करणारी व्यक्ती हवी असेल तर दापोली तालुक्याशी नातं असलेली अशी बाई तुम्हाला दुसरी कुठे मिळेल?

परीक्षेच्या बाबतीत एक मागणी आहे. उत्क्रांतीवर निदान एक प्रश्न असा ठेवा ज्याला छापील उत्तर नाही. गर्भातल्या जनुकात बदल करू द्यावा का, कोणत्या रोगासाठी, कुणी ठरवावं, खर्च कुणी करावा. विद्यार्थ्याने आपलं मत कारणांसह मांडावं आणि कारणांना गुण असावेत, मताला नसावेत. शिक्षकांना ते तपासायला जड जाईल, मला माहीत आहे. मी वर्गात अशी चर्चा ग्रामसभेसारखी घ्यायची. एक जण सरपंच, एक डॉक्टर, एक रोगी मुलाची आई, एक शेतकरी. आईची भूमिका करायला मुलं भांडायची.

ती मुलगी आता रत्नागिरीला शिकते. तिचं मशीन बदललं, नवं थोडं बरं आहे. तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर तिला कधी मिळालं नाही. तिच्यामागून येणाऱ्या मुलीला मिळावं.

पुस्तकाचं काम सुरू करण्यापूर्वी तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी पावसाळा सरल्यावर एकदा कशेळीला यावं, चित्रकारांनी तर नक्कीच. आडिवऱ्यापर्यंत एसटी येते. पुढची सोय मी आणि माझे जुने विद्यार्थी करू. सड्यावरचं गवत तोवर वाळलेलं असतं आणि रेषा नीट दिसतात. कातळ लवकर तापतो, तेव्हा सकाळी आठच्या आत पोचलेलं बरं. हत्तीवर चढताना चपला काढाव्या लागतील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी